मूळ, प्रत आणि मळवली : रविवर्मा यांच्या चित्रकीर्तीचा पुनर्विचार

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्याविषयीच्या मराठी लेखनात एक अडचण सतत जाणवते. लेखक ज्या चित्राविषयी बोलत असतो ते त्याने बहुधा पाहिलेले नसते. त्याने पाहिलेली असते ती त्या चित्राची छापील प्रत. माजघरातल्या, देवघरातल्या किंवा दुकानाच्या गल्ल्यामागच्या भिंतीवरची, काच धुरकटलेली, कडांना वाळवी लागलेली लक्ष्मी वा सरस्वती. या प्रतीच्या आठवणीवरून मूळ तैलचित्राविषयी निवाडा दिला जातो. रंग भडक, भाव नाटकी, देवता गुबगुबीत. हे निवाडे चूक की बरोबर हा पुढचा प्रश्न आहे. आधी विचारावयास हवे ते असे की निवाडा नेमक्या कोणत्या वस्तूवर दिला जात आहे. बडोद्याच्या संग्रहात असलेल्या कॅनव्हासवर, की मावळातल्या एका कारखान्यात दगडावरून कागदावर उतरलेल्या वस्तूवर? या दोन वस्तूंचे कर्ते वेगळे आहेत, प्रेक्षक वेगळे आहेत, आणि त्यांचा अर्थही एकच आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

रविवर्मा यांची कारकीर्द मुळात व्यक्तिचित्रकाराची आहे, याचाही विसर पडलेला असतो. पौराणिक चित्रांनी त्यांचे नाव घरोघरी नेले. परंतु त्यांचा चरितार्थ चालला, संस्थानांची दारे उघडली आणि प्रतिष्ठा मिळाली ती राजे, राण्या, दिवाण आणि इंग्रज अधिकारी यांच्या तसबिरींमुळे. तैलरंगाचे तंत्र त्यांना रीतसर कोणी शिकवले नाही. १८६८ मध्ये इंग्लंडहून थिओडोर जेन्सन हा व्यक्तिचित्रकार त्रावणकोरच्या दरबारात आला. मूळचा डेन्मार्कचा, पण इंग्रजी चित्रव्यवसायात मुरलेला हा गृहस्थ तरुण रविवर्म्याला शिकवावयास राजी नव्हता. आपण काम करीत असताना पाहू देण्यापुरती मुभा त्याने दिली. पाहून शिकणे याचा अर्थ मनातल्या मनात प्रत करीत शिकणे. दुसऱ्याच्या हाताची हालचाल डोळ्यांनी टिपायची आणि नंतर एकांतात ती आपल्या हातात आणायची, ही या चित्रकाराची पहिली शाळा होय. पुढे १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, १८७६ मध्ये पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली, १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने बडोद्याचे आमंत्रण आले. या सर्व वाटचालीत सादृश्य हे त्यांचे भांडवल होते. समोरच्या माणसासारखा माणूस कॅनव्हासवर उभा करणे, आणि त्याच्या अंगावरच्या जरीला, मोत्यांना, मखमलीला हात लावून पाहावेसे वाटावे इतके खरेपण देणे.

हे सादृश्य नेहमी जिवंत माणसाकडे पाहूनच साधले जात होते असेही नाही. तसबीर मागणाऱ्या घराण्यांना मृत पूर्वजही हवे असत. १९०१ मध्ये उदयपूरला त्यांनी महाराणा प्रतापाचे चित्र रंगविले ते अर्थातच जुन्या चित्रांच्या आधारे. छायाचित्रांचा उपयोग तर ते आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा सर्रास करीत. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो त्या तैलचित्रातही प्रतीचा अंश आधीच शिरलेला आहे. लघुचित्रातला सपाट, एकपाखी प्रताप रविवर्म्यांच्या कॅनव्हासवर येताना छायाप्रकाश घेऊन येतो, त्याला वजन येते, त्याच्या पायाखाली जमीन येते. आणि तो पाहणाऱ्याला असे वाटू लागते की प्रताप जणू त्या चित्रकारापुढे बैठक देऊन बसला होता. व्यक्तिचित्राचा अधिकार असा, की तो न पाहिलेल्यालाही पाहिल्याची साक्ष देतो.

हाच अधिकार रविवर्म्यांनी देवतांना आणि पुराणातल्या स्त्रीपुरुषांना बहाल केला. बडोद्यासाठी १८८८ ते १८९० या काळात त्यांनी जी चौदा पौराणिक चित्रे केली ती या दृष्टीने निर्णायक होत. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, कीचक आणि सैरंध्री, शंतनू आणि मत्स्यगंधा ही पात्रे त्यांत तसबिरीतल्या माणसांसारखी उभी राहतात. ही चित्रे मुंबईत प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा लोकांची रीघ लागली आणि त्यांच्या छायाचित्रांना मोठी मागणी आली. त्या आधीच टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना एक व्यावहारिक सल्ला दिला होता. माधवराव तंजावरच्या मराठी ब्राह्मण घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले गृहस्थ. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलछाप प्रती काढवून घ्याव्यात, कारण दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणार नाही, असा त्या सल्ल्याचा आशय होता. या सल्ल्यात कलाविचार कमी आणि हिशेब जास्त आहे असे म्हणून तो बाजूला सारण्याची प्रथा आहे. तसे करणे घाईचे होईल. एका प्रशासकाला चित्र ही वाटता येण्याजोगी गोष्ट वाटली, हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठा मानसिक बदल आहे.

अर्थात वाटप महाराष्ट्राला नवे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली होती आणि तिची शिळाछाप चित्रे घरोघर पोचली होती. परंतु चित्रशाळेच्या चित्रात मूळ आणि प्रत असे द्वैत फारसे नाही. ते चित्र छापण्यासाठीच काढलेले असते. रविवर्म्यांच्या बाबतीत आधी एक राजेशाही वस्तू आहे, दरबार सभागृहाच्या भिंतीसाठी केलेली, आणि तिच्यातून शिसपेन्सिलीच्या किमतीकडे घसरत जाणारी चित्रे निघावयाची आहेत. ही घसरण हाच येथे विचाराचा विषय आहे.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगावात रविवर्मा मुद्रणालय सुरू झाले. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रे आणि कसबी तंत्रज्ञ जर्मनीतून आले. शकुंतलेचा जन्म हे पहिले चित्र. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पळाले, कारखाना आधी घाटकोपरला आणि शेवटी १८९९ च्या सुमारास मळवलीला हलला. खंडाळ्याचा घाट चढून आलेली आगगाडी लोणावळे सोडल्यावर पहिली थांबते ती मळवलीला. भोरघाटाचा लोहमार्ग १८६३ पासून सुरू होता. जड दगड, कागद आणि शाई मुंबई बंदरातून वर आणायची आणि छापील माल खाली पाठवायचा, तर रूळाजवळची, रोगराईपासून दूर आणि जागेला स्वस्त अशी ही जागा सोयीची ठरली असावी. (मावळातला पावसाळा आणि कागद यांचे वैर मात्र जुने आहे, दमट हवेत ताव फुगतो आणि एका रंगावर दुसरा रंग अचूक बसत नाही. तेथे काम करणाऱ्यांना आषाढ-श्रावण कसे गेले असतील याची कल्पना छपाई जाणणाऱ्याला करता येईल.)

तैलचित्र दगडावर जाते कसे हे समजून घेतल्याखेरीज पुढची चर्चा वाऱ्यावर राहील. तैलरंगात एक छटा दुसरीत विरघळते. गालाच्या उजेडातून हनुवटीच्या सावलीत जाताना सीमारेषा कोठेच नसते. शिळाछापात असे विरघळणे शक्य नाही. तेथे प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो आणि दगडाला दोनच गोष्टी कळतात : तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग धरीत नाही. म्हणून चित्राचे पृथक्करण करावे लागते. या गालात पिवळा किती, फिका गुलाबी किती, तांबूस किती, निळसर करडा किती, हे डोळ्याने ठरवून प्रत्येक दगडावर तेवढाच भाग तेलकट खडूने किंवा शाईने, बारीक ठिपक्याठिपक्यांनी आणि उलटा, आरशातल्यासारखा रेखाटावा लागतो. एका चित्राला कधी दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक दगड लागत. मग एकाच तावावर ते सारे ठिपके एकापुढे एक बसतात आणि दूर उभ्या असलेल्या पाहणाऱ्याला वाटते की गाल आहे. वर रोगणाचा हात दिला की तैलचित्राचा भास पुरा होतो.

हे काम करणारा मनुष्य नक्कल करीत नाही. तो भाषांतर करतो. ज्या भाषेत सलगता आहे त्या भाषेतले विधान तो तुटक ठिपक्यांच्या भाषेत आणतो. आणि प्रत्येक भाषांतरकाराप्रमाणे त्याला कोठे काय गमवायचे याचा निर्णय घ्यावा लागतो. मूळ चित्रात पार्श्वभूमीचा काळोख खोल असतो. छापात तो सपाट होतो. मूळ चित्रात कापडाच्या चुणीत तपकिरी गुरफटलेला असतो. छापात त्याची कड स्पष्ट होते. उलट अलंकार, जर, फुले, कमळाच्या पाकळ्या यांना छापात अधिक धार येते, कारण ठिपक्यांना आणि कडांना ते जमते. ज्या ‘भडकपणा’बद्दल रविवर्म्यांना दोष दिला जातो तो पुष्कळ अंशी या भाषांतराचा धर्म आहे. आणि ज्या झळाळीमुळे ही लक्ष्मी देवघरात बसली तीही त्याचीच देणगी आहे. दोष आणि प्रसाद यांचा उगम एकच असताना पहिला रविवर्म्यांच्या नावे टाकायचा आणि दुसरा लोकांच्या भाबडेपणाच्या नावे, ही वाटणी समीक्षेने कशाच्या आधारावर केली?

येथे दुसऱ्या एका प्रत-परंपरेशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती करीत राहिला. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत मोजक्या सोडून सर्व जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करवून घेतल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रतीचे ध्येय मूळ चित्राला वाचविणे हे होते. भिंत झडते आहे, तर निदान कॅनव्हासवर ती उरावी. प्रत जळाली की शोक होतो तो मूळ दुसऱ्यांदा गेल्याचा. मळवलीची प्रत मूळ चित्राला वाचविण्यासाठी नाही. तिला मूळ चित्राची आठवणही लागत नाही. अजिंठ्याची प्रत मागे पाहते. मळवलीची प्रत देवघराकडे पाहते. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६ च्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय विझते असे प्रतिपादन केले. मळवलीत उलटे घडले. दरबार सभागृहातल्या चित्रापुढे कोणी उदबत्ती लावीत नव्हते. छापील चित्राला हळदकुंकू लागले, घरोघरच्या स्त्रियांनी त्यावर टिकल्या, जर आणि खरे कापड चिकटवून देवीला वस्त्रे नेसवली. पूजामूल्य प्रतीत जन्मले. बेन्यामिन यांचा सिद्धांत युरोपच्या धर्मनिरपेक्ष होत गेलेल्या कलाव्यवहारातून आलेला आहे; तो येथे जसाच्या तसा लावणाऱ्या मराठी लेखनाने ही अडचण लक्षात घेतलेली दिसत नाही.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. मुद्रणालय कर्जात गेले, भागीदारी मोडली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रविवर्म्यांनी ते फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकले, आपल्या चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह. श्लायखर यांनी नाव बदलले नाही. १९०५ मध्ये राजराज वर्मा गेले, १९०६ मध्ये स्वतः रविवर्मा गेले. मळवलीहून ‘रविवर्मा’ चित्रे निघतच राहिली. त्यांतली कित्येक धुरंधरांसारख्या अन्य चित्रकारांची होती, कित्येक कोणाची हे सांगता येणार नाही. मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार लेखकाचे नाव हे व्यक्तीचे नाव नसून एका विशिष्ट प्रकारच्या संहितांना एकत्र बांधणारे कार्य असते. मराठी घरात ‘रविवर्म्याचे चित्र’ हा शब्दप्रयोग नेमका याच अर्थाने रूढ झाला. तो एका माणसाच्या हाताचा निर्देश करीत नाही. देवता कशी दिसावी याच्या एका रीतीचा निर्देश करतो. मात्र फुको यांच्या मांडणीला टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. ज्यांच्या हातांनी ठिपके उठवले त्यांची नावे या ‘कार्या’खाली गाडली गेली. लेखकाचा मृत्यू साजरा करताना ज्यांना लेखक होण्याची संधीच मिळाली नाही त्यांचे काय करायचे, हे त्या सिद्धांतात नाही.

रविवर्म्यांविरुद्धचा मोठा हल्ला याच काळात झाला. आनंद कुमारस्वामी यांना त्यांच्या पुराणचित्रांत भारतीय भावाचा अभाव आणि रंगमंचीय कल्पना दिसली. भगिनी निवेदितांना जमिनीवर पहुडून पत्र लिहिणारी शकुंतला अशोभनीय वाटली. महाराष्ट्रात पुढे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने लयतत्त्वावर भर दिला आणि चित्रातील विषय, गोष्ट, भावना यांना लौकिकाच्या खात्यात टाकले. या दोन विचारांचे मूळ भिन्न आहे, एकमेकांशी त्यांचे पटलेही नसते. रविवर्म्यांना बाद करण्यात मात्र दोघांचे एकमत झाले. १९९० च्या आसपास गीता कपूर, तपती गुहा-ठाकुरता आणि पार्थ मित्तर यांच्या लेखनामुळे ही कोंडी फुटली व वसाहतकालीन आधुनिकतेचा प्रश्न म्हणून रविवर्म्यांकडे पाहिले जाऊ लागले. मराठी समीक्षेने त्यात आपली म्हणून जी भर घालावयास हवी होती ती अजूनही बरीचशी शिल्लक आहे.

ती भर नऊवारी लुगड्यापासून सुरू होऊ शकते. केरळातला हा चित्रकार आपल्या देवतांना आणि नायिकांना पुष्कळदा मराठी धाटणीने नेसवतो. बडोद्याचा मराठी दरबार, मुंबईतील वास्तव्य ही कारणे सांगितली जातात. परंतु लुगडे एकटे येत नाही. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. शकुंतला आणि सुभद्रा मराठी बोलू लागल्या, मराठी पदे गाऊ लागल्या, आणि भाऊराव कोल्हटकरांसारख्या पुरुषाच्या देहावर मराठी वस्त्र नेसून उभ्या राहिल्या. प्रेक्षकाने त्यांना त्या रूपात मान्य केल्यानंतर आठ-दहा वर्षांनी बडोद्यासाठीची चित्रे तयार झाली. प्रभाव कोणाचा कोणावर हे ठरवत बसण्याची गरज नाही. मराठी प्रेक्षकाची नजर आधीच तयार होती एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. कुमारस्वामींना जी रंगमंचीयता दोष वाटली ती या प्रेक्षकाला ओळखीची खूण होती. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले तेव्हा सैरंध्रीचे अंग चोरून उभे राहणे चित्रातून अनेकांना परिचित झालेले असणार.

या नजरेने काय वगळले हेही पाहावे लागते. मळवली स्थानकावर उतरणारे बहुसंख्य लोक रविवर्म्यांसाठी कधीच उतरले नाहीत. ते कार्ल्याच्या लेण्यापाशी असलेल्या एकवीरेला जातात. ती शेंदराची देवी आहे. तिच्या मुखाला शरीरशास्त्र नाही, छायाप्रकाश नाही, बैठक दिलेल्या राणीचे सौष्ठव नाही. तिचे सामर्थ्य ती कोणासारखी दिसत नाही यात आहे. तिच्या डोंगराच्या पायथ्याच्या पंचक्रोशीत, गोऱ्या, सुडौल, संपन्न घरातल्या गृहिणीसारख्या दिसणाऱ्या लक्ष्म्या हजारोंनी छापल्या जात होत्या. छापील देवांनी देवळाबाहेर ठेवलेल्यांना देव घरी आणून दिला असे आता वारंवार म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण घरी आलेला देव कोणत्या घरातल्या माणसासारखा दिसत होता, हे विचारल्यावाचून त्या विधानाला लोकशाहीचे प्रमाणपत्र देता येत नाही. सादृश्याची कला आली की कोणाशी सादृश्य हा प्रश्न येतोच; शेंदराला तो कधी विचारावा लागला नव्हता.

मराठी साहित्याने या कारकिर्दीकडे पाहिले ते रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ (१९८४) या कादंबरीतून. कादंबरी वाचकप्रिय ठरली. केतन मेहता यांचा चित्रपटही तिच्यावरून आला. तिचे आस्थाकेंद्र कलावंत आणि त्याची प्रेरणा असलेली सुगंधा यांच्या संबंधात आहे. देसाईंच्या ऐतिहासिक नायकांना शोभेल असा एकाकी, उदात्त, समाजाने न ओळखलेला पुरुष येथेही उभा राहतो. मुद्रणालय हा त्याच्या आयुष्यातील एक टप्पा होतो. त्यातील दगड, शाई, उसनवारी, हक्कांची विक्री यांना कथानकाच्या गाभ्यात जागा मिळत नाही. स्वच्छंदतावादी कलावंताच्या प्रतिमेला प्रत सोसत नाही हे त्याचे कारण. ज्याने आपले जग हजारो अनामिक घरांत विखरू दिले त्याला एका स्त्रीच्या चेहऱ्यापाशी परत आणून बसवले की कादंबरी पुरी होते, पण रविवर्मा निसटतो. विशेष हे की त्यांच्या बंधूंची दैनंदिनी इंग्रजीत उपलब्ध आहे आणि तिच्यात प्रवास, गिऱ्हाइके, पैसे, नाटके, छायाचित्रे यांच्या नोंदी आहेत. त्या रुक्ष नोंदींत एक वेगळी कादंबरी दडलेली आहे. तिचा नायक दोन भावांचा मिळून एक धंदा असेल.

या धंद्याची एक शाखा पुढे कोठे गेली हे सर्वज्ञात आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी छपाईचे काम केले ते याच परिसरात. रविवर्मा मुद्रणालयासाठी काम केल्यानंतर लोणावळ्यातच त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधील पात्रांची मांडणी पाहताना छापील चित्राची चौकट आठवते. मूळ नसलेल्या प्रतींची कला, म्हणजे चित्रपट, ज्याने येथे आणली त्याचे हात आधी प्रतीच्याच कारखान्यात मळले होते.

मळवलीचा कारखाना १९७२ मध्ये आगीत सापडला. प्रतींचा साठा जळाला, आणि जगभरच्या लिलावांत जुने रविवर्मा छाप ‘मूळ’ म्हणून विकले जाऊ लागले. आता त्यांना प्रमाणपत्र लागते, कागदाचे वय तपासले जाते, बनावट प्रतींपासून सावध राहण्याचे इशारे दिले जातात. या छापांच्या तळाशी, चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत, बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळे असा ठिकाणाचा उल्लेख असे. चौकट बसविताना कारागीर ती पट्टी पुष्कळदा कापून टाकीत.